एकुलता

चर्चमध्ये मतांगीकार म्हणताना
बाप एका ठिकाणी ओठ मिटायचा.
मंडळी उभी, पंख्याची कुरकुर,
मागच्या बाकावर कुणाचं तान्हं रडतंय,
आणि 'त्याचा'नंतर, 'पुत्र'च्या आधी
याकोब खरातांच्या तोंडात
दोन शब्दांएवढी पोकळी.
मी त्याच्या कोपराएवढी होते
तेव्हापासून ती ऐकत आले.

जालन्याच्या बियाणं कंपनीत तो उगवण मोजायचा.
ओल्या कागदात मुगाचे शंभर दाणे,
आठव्या दिवशी उलगडायचे.
न उगवलेल्यांना साहेब 'मृत' लिहायला सांगे.
बाप 'कठीण' लिहायचा,
आणि ते दाणे खिशात घालून घरी आणायचा.

पत्र्याच्या पेटीत, बायबलच्या खाली,
वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पातळ पुस्तक होतं,
औरंगाबादच्या जुन्या बाजारातलं.
मिसर देशात खणताना कुणाला एक रांजण सापडला,
रांजणात पोथ्या, शेकडो वर्षं कुणी न उघडलेल्या.
त्यांचं म्हणणं, उजेड वरून यायचा नाही,
तो तुझ्यात सांडलेला आहे आधीच,
तू विसरलायस, एवढंच.

पाळक आढावांनी ते पाहिलं.
रागावले नाहीत. चहा बशीत ओतला.
"याकोब, उजेड आपलाच असता
तर त्याला खिळे कशाला सोसावे लागले असते?
पुत्र एकच. आपण दत्तक.
रक्ताचे नाही, तरी वारस. आणखी काय पाहिजे?"
'दत्तक' म्हणताना त्यांची नजर माझ्याकडे आली
आणि परत बशीत पडली.

बापाला सरळ उत्तर कधी यायचं नाही.
तो पेवाचं सांगू लागला.
अंबडकडच्या त्याच्या गावात पेव उघडलं
की आधी दोरीनं कंदील सोडायचे.
विझला तर आत वाफ, उतरायचं नाही.
तेवला तर पोराला उतरवायचे,
पोर हलकं म्हणून.
"मी उतरलो व्हतो, पाळकसाहेब.
आत ज्वारी. ऊन ऊन. कुणाच्या कुशीत शिरल्यावानी.
पर कंदील वरूनच आल्ता, ते बी खरं."
"मग तू माझ्याच बाजूचा," पाळक हसले.
बाप बराच वेळ कपाची कड पुसत राहिला.
"ज्वारी तं आधीचीच व्हती," म्हणाला.

दफनाच्या आदल्या रात्री मी पेटी उघडली.
पुस्तकात खुणेला घातलेला कोर्टाचा कागद:
'मुलगी, वय अंदाजे चार महिने,
आईबापाचे नाव', पुढे आडवी रेघ.
कागद पालकत्वाचा होता.
आमच्या लोकांना तेव्हा कायद्यानं दत्तक घेताच यायचं नाही;
अठरा वर्षं भरली की हुकूम संपायचा.
म्हणजे तेवीस वर्षं मी
कुणाचीच नव्हते, सरकारी हिशेबात,
आणि तो रोज संध्याकाळी
माझ्या सायकलची हवा दाबून बघत होता.

कागदाच्या पाठीवर पेन्सिल,
उगवणीच्या तक्त्यातलं तेच अक्षर:
'एकुलता म्हणलं की पोरगी वर बघती.
तवा आपून म्हणायचं नाही.'

मिसर नाही, रांजण नाही.
आणि मी त्याला मनातल्या मनात पाखंडी समजत होते,
त्याचा थोडा तोराही मिरवत होते.

रविवारी त्याच्या जागेवर उभी राहिले.
तो शब्द आला, मी पूर्ण म्हटला,
'पुत्र'सुद्धा, ज्यात मी कुठे बसते
ते अजून मला नीट कळलेलं नाही.
सवयीनं वर पाहिलं.
पंखा.

पेटीच्या तळाशी पुडीत त्याचे कठीण मूग होते.
ओल्या कागदात गुंडाळून खिडकीत ठेवलेत.
आज अकरावा दिवस.
उलगडलेले नाहीत.